मालमोटारचालकांचे वाढते वजन : प्रश्न आहाराचा की व्यवस्थेचा?

बंगळुरूच्या उत्तरेस असलेल्या येलहंका या उपनगराची ओळख वाहतुकीशी जोडलेली आहे. येथे भारतीय हवाई दलाचा तळ असून 'एअरो इंडिया' हे हवाई प्रदर्शन १९९६ पासून याच तळावर भरत आले आहे. रेल्वेची चाके आणि आस तयार करणारा भारतीय रेल्वेचा कारखाना १९८४ पासून येथेच कार्यरत आहे. उपनगरातून जाणारा बल्लारी रस्ता हा श्रीनगर ते कन्याकुमारी या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ चा भाग असून, देवनहळ्ळी येथे २००८ मध्ये सुरू झालेला आंतरराष्ट्रीय विमानतळही याच मार्गावर आहे. विमान, रेल्वे आणि रस्ता अशा तिन्ही वाहतुकींचा संबंध असलेली अशी ठिकाणे देशात थोडीच आहेत.

या तिन्ही क्षेत्रांतील चालकांच्या कामात एक साम्य आहे. वैमानिक, रेल्वेचा लोको पायलट आणि मालमोटारीचा चालक हे तिघेही तासन् तास एका जागी बसून काम करतात, तिघांनाही रात्री जागावे लागते आणि तिघांच्याही डुलकीची किंमत इतरांना मोजावी लागू शकते. परंतु वैमानिकाला ठरावीक कालावधीने वैद्यकीय तपासणीला सामोरे जावेच लागते. लोको पायलटच्या तपासण्या वय वाढेल तशा अधिक वेळा होतात आणि घरापासून दूर असताना विश्रांतीसाठी व जेवणासाठी रेल्वेने रनिंग रूमची व्यवस्था केलेली असते. रेल्वे कर्मचाऱ्यांच्याही कामाच्या तासांबाबत तक्रारी आहेतच; तथापि तेथे तक्रार करण्यासाठी निदान नियम तरी आहेत. मालमोटारचालकाच्या बाबतीत मात्र आहार, झोप, व्यायाम आणि तपासणी या चारही गोष्टी बहुतांशी त्याच्या एकट्याच्या जबाबदारीवर सोडल्या गेल्या आहेत. चालकांमधील स्थूलतेच्या प्रश्नाकडे पाहताना हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

मराठी चालकांचा महामार्ग

महाराष्ट्राच्या दृष्टीने बंगळुरूचे महत्त्व जुने आहे. येलहंक्याच्या केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेले हे शहर १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीने जिंकल्यानंतर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले होते. आजचा संबंध प्रामुख्याने मालवाहतुकीचा आहे. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कांदा, सांगली व सोलापूर भागातील द्राक्षे व डाळिंबे, तसेच पुणे आणि कोल्हापूर परिसरातील कारखान्यांचा माल बंगळुरूकडे जातो. पुण्याहून निघालेली मालमोटार सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग आणि तुमकूर असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ ने प्रवास करते. त्यातील काही वाहने दाबसपेट अथवा नेलमंगल येथे वळून दोड्डबळ्ळापूरमार्गे येलहंका परिसरात येतात. अवजड वाहनांना शहरात ठरावीक वेळीच प्रवेश मिळत असल्यामुळे चालकांना शहराच्या वेशीवर कित्येक तास थांबावे लागते.

या थांबण्याला विश्रांती म्हणता येत नाही. मालाची आणि डिझेलची चोरी होण्याची धास्ती असल्याने चालक वाहन सोडून फार दूर जाऊ शकत नाही. माल उतरविण्याचे काम हमाल करतात. ताडपत्री बांधणे, दोर आवळणे ही कामे पुष्कळदा क्लीनरकडे असतात. पूर्वीच्या मालमोटारींचे जड सुकाणू फिरवताना चालकाचे खांदे आणि दंड भरून येत असत. पॉवर स्टीअरिंगमुळे तेही श्रम वाचले. २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक करण्यात आले असून, उन्हाने तापलेल्या केबिनमध्ये बारा तास काढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही सुधारणा स्वागतार्हच आहे. मात्र काम जसजसे सुसह्य होत गेले, तसतसे ते अधिकाधिक बैठेही होत गेले, ही बाब नजरेआड करता येत नाही.

बैठ्या कामाचे शास्त्र

वाहन चालविण्याच्या कामाचा हृदयविकाराशी असलेला संबंध सात दशकांपूर्वीच निदर्शनास आला होता. ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांचा तुलनात्मक अभ्यास करून १९५३ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोघेही एकाच गाडीवर, एकाच शहरात काम करीत असत. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी रोज शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी असल्याचे आणि त्यांना तो उशिरा होत असल्याचे या अभ्यासात आढळले. याच गटाने १९५६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या मापांचा अभ्यास केला, तेव्हा चालकांच्या विजारींचा कंबरेचा घेर वाहकांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले.

अमेरिकेत राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१० मध्ये लांब पल्ल्याच्या मालमोटारचालकांचे सर्वेक्षण केले. त्यात ६९ टक्के चालक स्थूल असल्याचे आढळले. तेथील एकूण श्रमिकांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. भारताची स्थिती अमेरिकेसारखी नाही. तथापि ती निश्चिंत राहण्यासारखीही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही असून, आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के, तर पोटाच्या स्थूलतेचे प्रमाण ३९.५ टक्के आढळले.

यातील पोटाची स्थूलता ही चालकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'सडपातळ पण मेदयुक्त' भारतीय शरीराची कल्पना जगासमोर मांडली. २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ इतकाच होता, पण डॉ. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळला. त्यामुळेच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या वर गेल्यास वजन जास्त आणि २५ च्या वर गेल्यास स्थूलता मानावी, तसेच पुरुषांच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, असा चालक स्वतःला लठ्ठ समजत नाही आणि मालकही त्याला आजारी मानत नाही. धोका मात्र असतोच.

कमी झोप, अधिक भूक

वजनवाढीचे कारण केवळ खाण्यात शोधणे अपुरे ठरेल. अपुऱ्या झोपेमुळे भूक वाढविणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण घटते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. रात्री जागणाऱ्या माणसाला गोड, तळलेले आणि पिठूळ पदार्थ हवेसे वाटतात ते केवळ जिभेच्या चोचल्यांमुळे नव्हे. याउलट वाढलेले वजनही झोप बिघडवते. मानेभोवती आणि पोटावर चरबी साठली की झोपेत श्वास अडखळण्याचा विकार बळावतो. असा माणूस आठ तास अंथरुणात पडून राहिला तरी सकाळी थकलेलाच उठतो आणि दुपारी सुकाणूवर पेंगतो.

येथे हा प्रश्न चालकाच्या वैयक्तिक आरोग्यापुरता मर्यादित राहत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांना प्राण गमवावे लागले. या अपघातांची कारणे अनेक आहेत आणि त्यांचा दोष सरसकट मालमोटारचालकांवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि 'सेव्हलाइफ फाउंडेशन' या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी ४१७ किलोमीटर अंतर कापत असून सुमारे १२ तास रस्त्यावर असतो, असे आढळले होते. थकवा किंवा झोप आली असतानाही वाहन चालवीत असल्याचे जवळपास निम्म्या चालकांनी या पाहणीत मान्य केले होते.

चहाचा हिशेब आणि पार्किंगचा प्रश्न

झोप घालविण्याचे चालकाचे हुकमी साधन म्हणजे चहा. ढाब्यावरील एका गोड चहात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसरात्रीत आठ चहा घेणाऱ्याच्या पोटात ८० ग्रॅम साखर जाते. त्यातून ३२० कॅलरी मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य झाल्यास ती ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी. आठ चहांमध्ये या मर्यादेच्या तिप्पट साखर होते. त्यावर ढाब्यावरील तडका दिलेली डाळ, तेलात न्हालेली भाजी आणि तूप लावलेले पराठे आले की हिशेब आणखी वाढतो. तेलाच्या एका मोठ्या चमच्यातून सुमारे १२० कॅलरी मिळतात. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मधील 'मन की बात' कार्यक्रमात नागरिकांना खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. मात्र घरच्या स्वयंपाकात तेल किती घालावे हे कुटुंब ठरवू शकते. ढाब्यावरच्या कढईवर चालकाचे नियंत्रण नसते.

या महामार्गावर चांगले अन्न मिळत नाही, असे म्हणता येणार नाही. हुबळी-धारवाडच्या खानावळींमध्ये ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी असे जेवण मिळते. ते सोलापूर किंवा सांगलीच्या चालकाला परकेही वाटत नाही. दक्षिण कर्नाटकात नाचणीचे मुद्दे आणि पालेभाजीचे सार हे कष्टकऱ्यांचे नेहमीचे जेवण आहे. बंगळुरू शहरात २०१७ पासून सुरू झालेल्या इंदिरा कँटीनमध्ये अल्प दरात नाश्ता व जेवण देण्याची योजना आहे. तरीही लांब पल्ल्याचा चालक बहुधा ढाब्यावरच जेवतो. याचे कारण चवीत नसून जागेत आहे. खानावळ आणि कँटीन गावात असते, तर बारा किंवा सोळा चाकांची मालमोटार उभी करता येईल असे मोकळे आवार ढाब्याला असते. वाहन जेथे उभे राहील, तेथे चालक जेवणार. त्याच्या ताटात काय पडावे, हे मुख्यतः पार्किंगच्या जागेवरून ठरते.

हीच गोष्ट पाण्याची आणि शौचालयाची. वाटेत स्वच्छ सोय नसल्यास वारंवार थांबावे लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याकडे कल होतो आणि तहानेची जागा चहा अथवा बाटलीबंद गोड पेये घेतात.

घाई कोणाची?

पुणे ते बंगळुरू हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. भरलेल्या मालमोटारीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरल्यास प्रत्यक्ष वाहन चालविण्यास २१ तास लागतात. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ नुसार प्रौढ कामगाराच्या कामाची मर्यादा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही आठ तासांचा दिवस हेच सूत्र कायम आहे. या सूत्रानुसार एकट्या चालकाला पुण्याहून बंगळुरूला येण्यास जवळपास तीन दिवस लागले पाहिजेत. वस्तू व सेवा कराच्या ई-वे बिलाची मुदत तर याहून उदार आहे. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने या अंतरासाठी पाच दिवस मिळतात.

याचा अर्थ असा की शासनाचा कोणताही कागद चालकाला रात्रभर गाडी हाकण्याची सक्ती करीत नाही. ही घाई भाड्याच्या करारातून येते. मालकाला महिन्याकाठी अधिक खेपा हव्या असतात, माल मागविणाऱ्याला तो लवकर हवा असतो आणि नाशवंत मालाला तर वेळेचेच बंधन असते. चालकाचे उत्पन्नही पुष्कळदा खेपेवर आणि भत्त्यावर अवलंबून असल्याने विश्रांतीचा प्रत्येक तास त्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. युरोपीय संघात साडेचार तास वाहन चालविल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असून दिवसाची सर्वसाधारण मर्यादा ९ तासांची आहे. तेथे वाहनातील उपकरणावर या तासांची नोंद होते. भारतात मर्यादा आहे. तिची नोंद ठेवणारी विश्वासार्ह यंत्रणा मात्र सर्वत्र नाही. चालकांच्या कामाच्या तासांविषयीच्या तरतुदींची अंमलबजावणी प्रभावीपणे व्हावी यासाठी सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारांना निर्देश द्यावे लागले, यावरून परिस्थितीची कल्पना येते.

खेप तोडून देण्याचा एक पर्याय या क्षेत्राने आजमावलाही आहे. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या 'रिव्हिगो' या कंपनीने एकच चालक शेवटपर्यंत न पाठविता टप्प्याटप्प्यावर चालक बदलण्याची पद्धत अवलंबिली होती. त्यामुळे चालकाला आपला टप्पा संपवून घरी परतणे शक्य होत असे. या कंपनीचा एक्स्प्रेस मालवाहतुकीचा व्यवसाय २०२२ मध्ये 'महिंद्रा लॉजिस्टिक्स'ने विकत घेतला. मोठ्या ताफ्याच्या कंपन्यांना असे प्रयोग परवडू शकतात. एक-दोन गाड्यांच्या मालकाला ते एकट्याने करणे अवघड आहे. लहान मालकांच्या संघटनांनी आणि वाहतूक अड्ड्यांनी एकत्र येऊन चालकांची अदलाबदल करणे, हा त्यावरील एक संभाव्य मार्ग आहे.

तपासणीच्या जाळ्यातून निसटलेला माणूस

मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्यात दृष्टी, रंगांची ओळख, श्रवणशक्ती आणि हातापायांची स्थिती यांवर भर असतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने या परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली. कार्यालयातील फेऱ्या कमी झाल्या हे चालकांच्या सोयीचेच झाले; परंतु डॉक्टरांच्या समोर जाण्याची सक्तीची वेळही त्यामुळे दोन वर्षांनी लांबली. मधुमेह किंवा रक्तदाब या काळात कोणतीही लक्षणे न दाखवता वाढू शकतो.

नव्या श्रमसंहितांच्या अंमलबजावणीसोबत ४० वर्षांवरील कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आली, ही निश्चितच महत्त्वाची घटना आहे. मात्र संहितेतील व्याख्येनुसार मोटार वाहतूक उपक्रमात दहा किंवा अधिक कामगार असावे लागतात. १९६१ च्या अधिनियमात ही संख्या पाच होती. बहुसंख्य मालमोटारी लहान मालकांच्या असल्यामुळे, ज्यांना या तपासणीची सर्वाधिक गरज आहे असे असंख्य चालक तिच्या कक्षेबाहेर राहण्याची शक्यता आहे. तीस वर्षांवरील सर्व नागरिकांची मधुमेह व रक्तदाबासाठी तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सर्वांना खुला आहे. पण तो गावच्या आरोग्य मंदिरातून आणि आशा सेविकांमार्फत चालतो. आशाताई घरी येतात तेव्हा चालक चित्रदुर्गच्या घाटात किंवा येलहंक्याच्या वेशीवर असतो. आरोग्यव्यवस्था पत्ता विचारते आणि चालकाचा पत्ता रोज बदलतो.

या अडचणीचे उत्तर देशाने एकदा शोधले आहे. एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने मालमोटारचालकांपर्यंत त्यांच्या थांब्यांवरच पोहोचण्याचे धोरण स्वीकारले. 'टीसीआय फाउंडेशन'ने महामार्गांवरील वाहतूक केंद्रांत चालविलेली 'खुशी क्लिनिक' ही त्याचीच उदाहरणे होत. चालक जेथे माल भरण्यासाठी थांबतो तेथे, त्याच्या सवडीच्या वेळी, त्याच्या भाषेत बोलणारा कार्यकर्ता, हे त्या प्रयत्नांचे सूत्र होते. त्याच पद्धतीच्या केंद्रांत रक्तदाबमापक, रक्तशर्करा तपासण्याचे यंत्र, वजनकाटा आणि कंबर मोजण्याची फीत ठेवण्यास मोठा खर्च येणार नाही. मात्र बेळगावला सुरू झालेले औषध येलहंक्यात आणि पुढे हैदराबादमध्येही मिळावे, यासाठी चालकाच्या नोंदी सर्वत्र उपलब्ध असणे आवश्यक आहे.

विश्रांतीच्या सोयींबाबतही हालचाल सुरू झाली आहे. राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार आधुनिक सुविधा उभारण्याची घोषणा पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी पेट्रोल पंपांवर 'अपना घर' नावाची विश्रामगृहे सुरू केली असून, १ जुलै २०२५ पर्यंत अशी ३६८ केंद्रे आणि त्यांत ४,६११ खाटा उपलब्ध होत्या. सरासरीने एका केंद्रात बारा-तेरा खाटा होतात. स्वतः स्वयंपाक करण्याची जागा, स्नानगृह आणि पिण्याचे शुद्ध पाणी या सोयींचाही त्यात समावेश आहे. देशातील मालमोटारींची संख्या लाखांत असल्याने ही केवळ सुरुवात आहे. तथापि स्वयंपाकाच्या जागेचा विचार होणे, ही आरोग्याच्या दृष्टीने योग्य दिशा म्हणावी लागेल. कर्नाटकानेही मोटार वाहतूक आणि संलग्न कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी २०२४ मध्ये कायदा केला आहे. अपघातानंतरच्या मदतीप्रमाणेच आजार टाळण्याचे कामही अशा मंडळांकडे सोपविता येईल.

चालकाच्या हाती काय आहे?

व्यवस्था बदलेपर्यंत चालकाने वाट पाहत बसावे, असा याचा अर्थ नाही. वजनात थोडी घट झाली तरी लाभ मोठा होतो, हे भारतातच सिद्ध झाले आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार व चालण्यातील साध्या बदलांमुळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींमध्ये मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. याच गटाने पुढे नोकरी करणाऱ्या पुरुषांना दोन वर्षे मोबाइलवर आरोग्यविषयक संदेश पाठविले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी २७ टक्के पुरुषांना मधुमेह झाला. ज्याला डॉक्टर गाठू शकत नाही, त्या चालकाला मोबाइल गाठू शकतो, हे यातून दिसून येते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे. रोजच्या हिशेबात तो वीस-बावीस मिनिटे होतो. वाहन सोडून जाता येत नसल्यास त्याच्याभोवती भरभर फेऱ्या मारता येतात. प्रत्येक थांब्यावर टायर आणि दोर तपासताना दहा मिनिटे चालण्याची सवय लावली, तर दोन थांब्यांत दिवसाचा वाटा पूर्ण होतो. चहा निम्म्यावर आणणे आणि उरलेल्या चहात साखर निम्मी करणे, एवढ्यानेच वरील हिशेबातील ८० ग्रॅम साखर २० ग्रॅमवर येते. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच गाडी हाकण्याऐवजी मुख्य जेवण दिवसा घ्यावे. घरून निघताना भाकरी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर आणि फळे सोबत घेतल्यास वाटेवरील भजी-वड्यांचा मोह आवरता येतो. ढाब्यावर 'तेल कमी, तडका वेगळा' असे सांगण्यास संकोच करू नये. दहा चालकांनी तशी मागणी केली तर ढाबेवालाही ती पुरवील.

झटपट वजन घटविण्याची चूर्णे, उपासाचे अतिरेकी प्रयोग आणि भूक मारण्यासाठी तंबाखू किंवा गुटखा यांपासून मात्र दूर राहावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते आणि सुकाणूवर असताना ते जिवावर बेतू शकते. मोठ्याने घोरणे आणि पुरेशी झोप घेऊनही दिवसा पेंग येणे ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. परवाना किंवा काम जाईल या भीतीने आजार लपविण्याची प्रवृत्ती सर्वांत घातक आहे. ती दूर करण्यासाठी तपासणी ही शिक्षा नसून उपचाराची सुरुवात आहे, अशी खात्री मालकांनी आणि परिवहन विभागाने चालकांना दिली पाहिजे.

येलहंक्यातून जाणाऱ्या महामार्ग क्रमांक ४४ ने उत्तरेकडे निघाल्यास हैदराबाद लागते. तेथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भारतीयांनी काय आणि किती खावे याविषयी या संस्थेने २०२४ मध्ये सतरा मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली असून, देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भाराचा संबंध अयोग्य आहाराशी असल्याचे त्यात नमूद केले आहे. ही सूत्रे तयार करणारी संस्था आणि ती ज्याला सर्वाधिक उपयोगी पडावीत तो चालक एकाच रस्त्यावर आहेत. मालमोटार उभी करता येईल अशी जागा, जेथे भाकरी मिळेल, पाठ टेकता येईल आणि रक्तदाब मोजला जाईल, ती मिळाल्याखेरीज हे ज्ञान त्याच्या ताटापर्यंत पोहोचणार नाही. वैमानिकासाठी आणि लोको पायलटसाठी जे आवश्यक मानले गेले, त्याचा निदान काही भाग मालमोटारचालकाच्याही वाट्याला यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.